मॉनिटर न जोडता

फेब्रुवारी संपत आला की आमच्या शाळेचा आवाज बदलतो. एरवी दहाच्या सुमाराला शेकडो पायांचा, डब्यांच्या झाकणांचा, जिन्यावरून एकमेकांना मारलेल्या हाकांचा जो कल्लोळ असतो, तो एकदम खाली बसतो. दहावीची परीक्षा सुरू होते. व्हरांड्यात चपला काढल्याचे आवाज येतात, बाकांवर पॅड टेकतात, प्रश्नपत्रिका वाटतानाची सळसळ एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सरकत जाते आणि मग फक्त पंखे उरतात. शाळेच्या मागे वाडी आहे. एरवी कधी ऐकू न येणारी ती वाडी या दिवसांत खिडकीतून आत येऊन बसते. पाटातून पाणी सुटल्याचा आवाज, वाऱ्याने केळीचं पान टरकावल्याचा आवाज, आणि या सगळ्यावर मोहोराचा तो किंचित आंबूस, घशात उतरणारा वास.

या दिवसांत मला काम नसतं. मी सहावी-सातवीला सामाजिक शास्त्र शिकवते आणि मला दिसत नाही. परीक्षेत पर्यवेक्षकाने मुलांवर नजर ठेवायची असते, म्हणून दरवर्षी माझ्या नावापुढे 'पर्यवेक्षणातून मुक्त' असं लिहिलं जातं. सुरुवातीची काही वर्षं मी या मुक्तीने खूप चिडायचे. शिक्षकखोलीत एकटी बसून पंखा ऐकायचे. मग एका वर्षी त्याच मुक्तीचा मला उपयोग झाला. यंदा मोहोराचा वास पुन्हा आला आणि ते दिवस पुन्हा अंगावर आले.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आमचं घर नायगावच्या खाडीकडेला. बाबा भातशेती करायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायचे. मला जन्मापासूनच अंधुक दिसायचं, अकराव्या वर्षी तेही थांबलं. नीट आठवतो असा शेवटचा रंग म्हणजे मिठाच्या ढिगाचा पांढरा. दुपारचा, डोळ्यांत घुसणारा. आता तिथे जवळच टॉवर उभे राहिलेत असं सगळे सांगतात. मला एवढंच कळतं की पूर्वी अंगणात संध्याकाळी जो वारा लागायचा, तो आता वळसा घालून येतो आणि यायला उशीर करतो.

शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापक चुरी सर माझा हात धरून मला थेट पेटीपाशी घेऊन गेले. "प्रार्थना आता तुमच्याकडे," म्हणाले. आंधळी बाई आली म्हणजे गाणारी आली, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला सूर लागत नाही. लहानपणी घरात कोणी मला आरतीतसुद्धा मोठ्याने म्हणू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रार्थना घेतली आणि तिसऱ्या दिवशी पेटी परत गेली. चुरी सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी कधी माझा अपमान केला नाही. त्यांच्या मनात माझ्यासाठी एक जागा ठरलेली होती, मऊ गादी घातलेली, आणि मी त्या जागेवरून उठले की त्यांना काळजी वाटायची, एवढंच.

मला येत होतं ते वेगळंच. माझ्या लॅपटॉपमध्ये एक आवाज आहे, जो पडद्यावरचं सगळं मला वाचून दाखवतो. त्या आवाजाच्या जिवावर मी संगणक शिकले. आणि तीन वर्षं एका नव्या सिस्टिमशी झटापट करून शेवटी लिनक्सवर आले. लिनक्स ही संगणक चालवणारी एक प्रणाली. ती कोणीही घ्यावी, कोणीही उघडून बघावी, जुन्या यंत्रांवरही बसवावी. मला ती आवडली याचं कारण वेगळं होतं. ती बसवताना पहिल्या प्रश्नापासून माझ्याशी बोलत होती. आधी कोणा डोळसाला बोलावून आण, मग आपण बोलू, असं तिने मला कधी सांगितलं नाही.

आमचे संगणकाचे सर निवृत्त झाले तेव्हा मी चुरी सरांना म्हटलं होतं, "सर, ती खोली मी सांभाळते."

"अहो म्हात्रे बाई," ते हसून म्हणाले, "स्क्रीन बघायला नको का?"

खोलीला कुलूप लागलं. आमच्या शाळेत येणारी मुलं वाड्यांमधली, कोळीवाड्यांतली, खाडीपलीकडून चालत येणारी. घरी एकच फोन असतो आणि तो बापाच्या खिशात कामावर जातो. त्यांच्यासाठी कीबोर्ड म्हणजे तीच एक खोली होती. सातवीतली एक मुलगी मला दर आठवड्याला विचारायची, "टीचर, कम्प्युटरची रूम कधी उघडनार?" मी म्हणायचे, उघडेल. आणि मला माहीत होतं की मी खोटं बोलते आहे.

मग परीक्षेच्या आधी शिक्षकांची बैठक झाली. चुरी सर म्हणाले, "बारा यंत्रं आहेत, पण जुनी झालीत. त्यांच्यावरच्या सिस्टिमला आता दुरुस्त्या मिळणार नाहीत आणि नवी सिस्टिम त्यांच्यावर चढत नाही. समितीने ठरवलंय, भंगारात द्यायची. खोलीत समितीचं ऑफिस होईल. पुढच्या शनिवारी टेम्पो येतोय."

खुर्च्या सरकल्या. सगळ्यांना परीक्षेच्या याद्या हव्या होत्या.

"मी त्यांच्यावर लिनक्स चढवते," मी म्हणाले.

त्या वेळची शांतता मला आजही आठवते. परीक्षेच्या वर्गातल्या शांततेपेक्षा ती वेगळी होती. सगळे जण एकमेकांकडे बघत असतात आणि आपल्याला ते कळलेलं नाही असं त्यांना वाटत असतं, तेव्हा अशी शांतता पडते. कपडे जरासे सळसळतात. कोणीतरी घसा साफ करतं.

"तुम्ही?" चुरी सर म्हणाले.

"हो."

"बारा यंत्रांवर?"

"हो. तारेवरून."

"बरं," ते म्हणाले, "शनिवारपर्यंत काय करायचं ते करा." मुलाला खेळायला काहीतरी द्यावं तशा आवाजात त्यांनी मला किल्ली दिली.

घरी आयला सांगितलं. आमची आय पंच्याहत्तरीची, खाडीच्या पाण्यासारखी खारट आणि सरळ. तिला संगणकातलं काही कळत नाही, पण माणसांतलं सगळं कळतं. मी तणतणत होते, चुरी सर असे आणि समिती तशी. तिने माझ्यापुढे पेजेची वाटी ठेवली आणि म्हणाली, "आधी काम करून ये. मंग भांडन कर. काम न करता भांडलीस त लोका नुसती रडते म्हनतील."

सोमवारी सकाळी परीक्षेची घंटा झाली आणि मी संगणकाची खोली उघडली. बंद खोलीचा वास मला ओळखू आला: तापून थंड झालेलं प्लास्टिक, धूळ आणि उंदीर. मी एका टोकापासून हात फिरवत गेले. बारा टेबलं, बारा मॉनिटर, खाली सीपीयूचे बारा डबे. प्रत्येक डब्याच्या मागे तारेची खाच. भिंतीच्या कडेने गेलेल्या तारा मी बोटांनी चाचपत शेवटपर्यंत गेले. दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलं होतं, तीन ठिकाणी टोकाची चिमुकली क्लिप मोडली होती. हे मी कोणाही डोळसापेक्षा लवकर शोधलं असं म्हणायला हरकत नाही. तारा तपासायला डोळे उगाच मध्ये येतात. माणूस बघतो, तार दिसते, आणि तार आहे म्हणजे चांगली आहे असं समजतो.

तारेवरून चढवायचं म्हणजे काय, ते सांगते. संगणक सुरू झाला की तो आपल्या आत बघतो, सिस्टिम कुठे आहे म्हणून. पण त्याला सांगता येतं की आत बघू नकोस, तारेवर बघ. मग तो तारेवर हाक मारतो. कोणी आहे का? मला नाव-पत्ता द्या, आणि पुढे काय करू ते सांगा. त्या हाकेला माझा लॅपटॉप उत्तर देणार होता. लिनक्स बसवण्याचं सगळं सामान लॅपटॉपमध्ये भरलेलं होतं. आणि खरी गोम अशी होती: बसवणारा भाग त्या यंत्रात एकदा पोचला की तो मला तारेवरून आत येण्याची वाट उघडून देतो. म्हणजे प्रश्न ते यंत्र विचारणार, पण ऐकू येणार माझ्या लॅपटॉपमध्ये, माझ्या सवयीच्या आवाजात. त्या यंत्राच्या पडद्याकडे कोणीच बघायची गरज नव्हती.

एकच जागा अडचणीची होती. अगदी सुरुवातीला, यंत्राला 'तारेवर बघ' असं सांगावं लागतं तिथे. तो मेनू मुका असतो. तो मला कधीच बोलून दाखवणार नव्हता.

दुपारी पेपर सुटल्याची घंटा झाली आणि सिल्विया आली. सिल्विया आमची गणिताची शिक्षिका, गिरीज गावची, तिच्या घरची केळीची वाडी. माझी शाळेतली एकमेव अशी मैत्रीण, जी मला रस्ता ओलांडून देताना बोलणं थांबवत नाही. ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता आणि तिने चाळीस दिवस चहा सोडला होता. त्यामुळे दुपारी ती जरा तापलेली असायची.

"मी इथेच बसते," ती म्हणाली. "सगळं वाचून दाखवते तुला."

"सगळं नको. एकदाच वाच. मग मी मोजते."

तिने पहिलं यंत्र सुरू केलं. एफ-बारा कळ दाबली, मेनू आला. तिने वाचलं. तारेचा पर्याय चौथा होता. म्हणजे सुरू केल्यावर एफ-बारा सहा-सात वेळा, मग तीन वेळा खालचा बाण, मग एंटर. आठ यंत्रं तशीच होती. उरलेली चार दुसऱ्या बनावटीची, तिथे बाण पाच वेळा. मी दोन्ही आकडे मनात घोकले. लहानपणी पाढे घोकायचे तसे, बोटं मांडीवर आपटत.

सोमवारी काहीही झालं नाही. मंगळवारी दुपारपर्यंतही नाही. मी बाण मोजायचे, एंटर दाबायचे, यंत्रातली हार्ड डिस्कची चकती घुरघुरायची आणि गप्प व्हायची. माझ्या लॅपटॉपला हाक ऐकू येत होती, तो उत्तर पाठवत होता, पण यंत्र काही पुढे जात नव्हतं. बारा वाजता चर्चची घंटा झाली, वारा समुद्राकडून यायला लागला, खोली तापली. माझी साडी पाठीला चिकटली. मंगळवारी दुपारी व्हरांड्यातून दोघे शिक्षक गेले आणि त्यातला एक हळू आवाजात म्हणाला, "अजून बसल्याच आहेत बिचाऱ्या." लोकांना वाटतं, आम्हाला दिसत नाही म्हणजे ऐकूही जरा कमीच येत असेल.

त्या 'बिचाऱ्या'ने माझं भलं केलं. मी उठून पाणी प्यायले आणि लॅपटॉपमधल्या सगळ्या नोंदी पुन्हा पहिल्या ओळीपासून ऐकल्या, आवाजाचा वेग कमी करून. आणि तेव्हा मला कळलं. यंत्राने स्वतःला जो पत्ता लावला होता, तो मी दिलेला नव्हताच. तारेवर आणखी कोणीतरी उत्तर देत होतं. शाळेच्या इंटरनेटची डबी त्याच जाळ्यात जोडलेली होती. यंत्र हाक मारत होतं आणि माझ्याआधी ती डबी ओ देत होती. तिला पत्ता देता येत होता, पण पुढचं सामान तिच्याकडे नव्हतं.

मी भिंतीवर हात फिरवत गेले, ती कोमट डबी सापडली, तिची तार उपटली.

पुन्हा सुरू केलं. एफ-बारा, तीन बाण, एंटर. आणि चकतीचा आवाज बदलला. घुरघुर नाही, एक सलग, घाईचा, कामाला लागलेला आवाज. माझा लॅपटॉप एकेक फाइलचं नाव घेत सुटला: दिली, दिली, दिली. थोड्या वेळाने आत जायची वाट उघडली आणि त्या जुन्या यंत्राने माझ्या कानात पहिला प्रश्न विचारला. भाषा कोणती?

मी मराठी निवडली. मग खोलीत कोणी नाही याची खात्री करून जरा रडले. आनंदाने नाही. दोन दिवस 'बिचाऱ्या' ऐकून घेतल्याचं ते रडणं होतं.

पहिलं धरून बुधवारपर्यंत चार यंत्रं झाली, गुरुवारी दोन, शुक्रवारी सकाळी एक. गुरुवारपर्यंत मी त्यांना आवाजावरून ओळखायला लागले होते. खिडकीजवळच्या यंत्राचा पंखा शिट्टी मारायचा. पाचवं सुरू होताना दम लागलेल्या माणसासारखं दोनदा अडायचं. सिल्विया परीक्षेतून सुटली की यायची, केळी घेऊन यायची, शेजारी बसून पेपर किती कठीण होता ते सांगायची. तिने एकदाही "मी करू का?" असं विचारलं नाही. मैत्री म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी ते केळी सोलल्याचे आवाज सांगेन.

शुक्रवारी दुपारी मी जेवून आले तर खोली वेगळी वाटली. बोललं की आवाज जास्त घुमत होता. मी टेबलावर हात ठेवला. रिकामं. पुढच्या टेबलावर. तेही रिकामं. टेम्पोवाल्याच्या माणसांनी शनिवारची तयारी म्हणून बाराही मॉनिटर उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवले होते. डबे जड, ते उद्या नेणार होते.

सिल्विया धावत आली. "अगं, मॉनिटर नेले! अजून पाच राहिलेत ना? आता कसं करणार तू?"

मी तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "सिल्विया," मी म्हणाले, "मला काय फरक पडतो?"

ती इतकी हसली, की समोरच्या वर्गात उत्तरपत्रिका बांधत बसलेल्यांनी दार वाजवलं. मीही हसले. आणि तशीच, एकही मॉनिटर न जोडता, मी उरलेली पाच यंत्रं करायला बसले. बाण मोजले. हाक आली, उत्तर गेलं. आंधळ्या यंत्रांवर आंधळी बाई सिस्टिम चढवत होती आणि साडेपाचला पाचही झाली.

शनिवारी टेम्पो फाटकात उभा होता. मी चुरी सरांना म्हटलं, "मॉनिटर आत आणायला सांगा. मग बघा, आणि मग न्यायचे तर न्या." त्यांनी सांगितलं. मॉनिटर आले, सिल्वियाने जोडले, मी एकेक यंत्र सुरू करत गेले. बारा पंखे एकामागोमाग लागले. खोलीत तो आवाज भरत गेला तेव्हा मला वाटलं, शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखीच ही सगळी एकदम बोलायला लागली आहेत.

चुरी सर एका यंत्रापुढून दुसऱ्यापुढे जात राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि विचारलं सिल्वियाला, "सगळं मराठीत आहे की हो. कुणी केलं हे?"

"त्या तुमच्या शेजारीच उभ्या आहेत सर," सिल्विया म्हणाली. "त्यांना विचारा."

टेम्पो रिकामा गेला.

इथे ही गोष्ट संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण सोमवारी सकाळी चुरी सरांनी मला बोलावलं आणि त्यांच्या आवाजात गादीचा मऊपणा नव्हता.

"तीन नंबरच्या यंत्रावर गॅदरिंगचे फोटो होते. दहा वर्षांचे. कुठे गेले?"

तीन नंबरवर एक मोठं फोल्डर होतं, ते मी ऐकलं होतं. फाइलींची नुसत्या आकड्यांची नावं. मी शुक्रवारपर्यंत संपवायच्या घाईत होते. कोणाला विचारलं नाही. चकती पुसायची का, असं यंत्राने मला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी हो म्हटलं होतं.

"पुसले गेले सर."

"पुसले गेले!" ते म्हणाले. आणि मग, बोलू नये ते बोलले. "तुम्हाला काय बाई. तुम्हाला फोटोंचं काय!"

मी घरी गेल्यावर त्या वाक्याला शंभर उत्तरं दिली. पण तिथे उभी असताना मला एकच सुचलं, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं. "सर, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी विचारायला हवं होतं. पण ही चूक घाईची आहे, डोळ्यांची नाही. डोळस माणूसही घाईत हेच करतो. मला माझ्या चुकीबद्दल बोला. हवं तेवढं बोला. डोळ्यांबद्दल बोलू नका."

मग मी जुन्या विद्यार्थ्यांना, पालकांना फोन करत बसले. पुढचे कितीतरी आठवडे. कोणाकडे एका वर्षाचे होते, कोणाकडे आपल्या मुलीच्या नाचाचे चारच. सहा वर्षांचे बऱ्यापैकी जमले, चार वर्षांचे गेले ते गेलेच. आजही गॅदरिंगला कोणी जुना फोटो आठवून हळहळलं की मी मान खाली घालते. ते ओझं माझं आहे आणि मला ते दुसऱ्या कोणाला, किंवा माझ्या डोळ्यांना, द्यायचं नाही.

पण त्या आठवड्यात चुरी सरांनी एक आदेश काढला. संगणक कक्षाचे प्रमुख: घरत सर. घरत सर आमचे खेळाचे शिक्षक. भला माणूस, व्हॉलीबॉलमध्ये जीव. त्यांनाच बातमी सगळ्यांत शेवटी कळली. ते माझ्याकडे आले, टाचा घासत उभे राहिले.

"मॅडम, ते पासवर्ड पाहिजे होता हो. सर बोलले तुमच्याकडे आहे."

मुलांना वापरता यावं म्हणून जी तयारी करायची होती, ती त्या पासवर्डाशिवाय होणार नव्हती. मला ते माहीत होतं. त्यांना नव्हतं.

"आहे," मी म्हणाले. "पण देणार नाही. सरांना सांगा, खोली मी सांभाळणार असेन तर आजच उघडते. तसा आदेश लेखी द्या."

खोली चार दिवस बंद राहिली. मी बरोबर वागले का? आजही नक्की सांगता येत नाही. त्या चार दिवसांत ती सातवीतली मुलगी दोनदा येऊन कुलूप हलवून गेली. कुलपाचा तो खुळखुळाट मी शिक्षकखोलीतून ऐकत होते. सिल्विया म्हणाली, "पोरांना कशाला शिक्षा देतेस?" मी म्हटलं, "मी आज दिला ना पासवर्ड, तर पुढच्या आंधळ्या बाईला पुन्हा पेटी देतील." तिला पटलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी तीच घरत सरांना घेऊन चुरी सरांच्या खोलीत गेली, आणि घरत सर आत जे बोलले ते व्हरांड्यापर्यंत आलं. "सर, मला त्यातलं घंटा काय समजत नाय. मला ग्राउंडवर राहू द्या. त्यांनी केलंय, त्यांनाच द्या ना."

पाचव्या दिवशी शिपाई आदेशाचा कागद घेऊन आला. मी तो हातात धरला. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात शिक्क्याचा ओलसरपणा. "वाचून दाखवू, बाई?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणाले. "सरांना सांग, मेल करायला. माझा आदेश मी वाचेन."

तासाभराने मेल आली. मी कानात इअरफोन घातला. आवाज वाचत गेला. 'श्रीमती प्रमिला म्हात्रे या दृष्टिहीन असूनही त्यांनी दाखविलेली जिद्द लक्षात घेता, संगणक कक्षाचा कार्यभार त्यांच्याकडे सोपविण्यात येत आहे.'

मी ते पुन्हा ऐकलं. हवं ते मिळालं होतं. सही करून खोली उघडायची, एवढंच उरलं होतं. मी उठून चुरी सरांच्या खोलीत गेले.

"सर, आदेश मिळाला. एक दुरुस्ती हवी आहे."

"आता काय राहिलं, बाई?"

"'दृष्टिहीन असूनही' काढा. जिद्दही काढा."

"अहो, कौतुक केलंय तुमचं!" त्यांना खरोखरच लागलं होतं. "मी स्वतः लिहिलंय ते वाक्य."

"कळलं सर. पण घरत सरांच्या आदेशात काय लिहिलं होतं? 'डोळे असूनही'?"

त्यांची खुर्ची करकरली. मग ते नाकातून हसल्यासारखं काहीतरी झालं. पहिल्यांदाच त्यांच्या हसण्यात मला गादी ऐकू आली नाही.

"मग लिहू तरी काय?" त्यांनी विचारलं.

"नाव लिहा आणि काम लिहा."

ते टाइप करू लागले. एका बोटाने, अक्षर शोधत, चुकत, खोडत. मी उभी राहून ऐकत होते. त्यांना वेळ लागत होता, पण मी काही मदत करू का असं विचारलं नाही.